कोकणकडा टिपताना: वाइड की टेलिफोटो?

हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा आत वळलेला. ती अख्खी कमान एका फ्रेममध्ये हवी, तर फुलफ्रेमवर (३६×२४ मिमी सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) १६ ते २४ मिमीची वाइड, म्हणजे रुंद दृश्य टिपणारी लेन्सच लागते. १६ मिमी, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/११ ठेवून फोकस एक मीटरवर लावा. पायाजवळच्या कारवीपासून क्षितिजापर्यंत सगळं नीट येतं. पोलरायझर (चमक कमी करून आभाळ गडद करणारा फिल्टर) मात्र काढून ठेवा, नाहीतर निळ्या आभाळात मधोमध गडद डाग पडतो. कडा पश्चिमेकडे, त्यामुळे संध्याकाळी सूर्य समोर आणि कातळ काळा. दोन एक्स्पोजर घ्याच, एक आभाळासाठी, एक कातळासाठी; नंतर ते जोडा.

७०-२०० मिमीच्या टेलिफोटोत (दूरचं जवळ आणणाऱ्या लेन्समध्ये) कड्याची खोली हरवते, पण एकामागे एक फिकट होत गेलेल्या डोंगररांगा सुरेख येतात. हातात धरून २०० मिमीला शटर किमान १/२५० सेकंद, म्हणजे त्याहून हळू नको. वाऱ्यात ट्रायपॉड बुटका ठेवा. एकच लेन्स न्यायची तर वाइडच न्या.