झीरोएमक्यूचं रेक सॉकेट: शिस्त कडक, वाट पाहणं अनंत
मध्ये वेगळा ब्रोकर (संदेश पोचवणारा मध्यस्थ सर्व्हर) नको म्हणून झीरोएमक्यू (ZeroMQ, प्रोग्राम्समध्ये संदेश देवाणघेवाणीची लायब्ररी) घेतलं. त्यातलं रेक (REQ, विनंती पाठवणारं) सॉकेट मास्तरांसारखं: एक संदेश पाठवा, उत्तर घ्या, मगच दुसरा. मध्येच पाठवायला गेलात तर ईएफएसएम (EFSM, म्हणजे ‘आत्ता ही पाळी नाही’) एरर. रांगेची मर्यादा मुळात 1000 संदेशांची, पण इथं ती भरणार कशी?

खरी गोम टाइमआउटची, म्हणजे उत्तराची वाट किती वेळ पाहायची त्याची. तो मुळात -1, म्हणजे मुदतच नाही: समोरचा सर्व्हर मेला तरी आपला थ्रेड (प्रोग्रामचा चालू धागा) तिष्ठत बसतो. माझा रात्रभर बसला होता (चूक माझीच, डॉक्युमेंटेशन कोण वाचतो!). आता मुदत 2500 मिलिसेकंद ठेवलीय. ती टळली की सॉकेट बंद, नवं सुरू. लिंगर (बंद होताना न गेलेल्या संदेशांसाठी थांबायचा वेळ) 0 करा, नाहीतर प्रोग्राम बंद होता होत नाही. अनेक विनंत्या एकदम सोडायच्या तर डीलर (DEALER, उत्तराची वाट न पाहता पाठवू देणारं सॉकेट) घ्या. कुठलं उत्तर कुठल्या विनंतीचं हे जुळवणं मात्र तुमच्या गळ्यात.