‘सचेत’ पुराचं सांगतं, लाइट जाणार हे कोण सांगणार?

मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचे माग चालवते. माहेर सीना नदीच्या काठावर, दक्षिण सोलापूर तालुक्यात. त्यामुळे मला दोन गोष्टी वेळेत कळायला हव्यात: पाणी कधी येणार आणि लाइट कधी जाणार. ‘सचेत’ अॅप मी घेतलं ते पहिल्या गोष्टीसाठी. त्या कामाला ते चांगलं आहे, प्रत्येकाच्या फोनमध्ये असावं इतकं चांगलं. पण दुसऱ्या गोष्टीचा त्यात पत्ताच नाही. म्हणून पाचपैकी साडेतीन.

आधी हे काय आहे ते सांगते, कारण आमच्या पेठेत अजून अनेकांना माहीत नाही. ‘सचेत’ ही राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची यंत्रणा, सी-डॉट या केंद्र सरकारच्या दूरसंचार संशोधन संस्थेने बनवलेली. हवामान खातं, केंद्रीय जल आयोग अशा वेगवेगळ्या खात्यांचे इशारे एकाच साच्यात येतात आणि राज्याच्या आपत्ती व्यवस्थापनामार्फत आपल्यापर्यंत पोचतात. एसएमएस येतो, अॅपवर येतो, आणि तिसरा तो मोठा आवाज, ज्याची २०२३ मध्ये देशभर चाचणी झाली होती. एकदम सगळ्यांचे फोन कोकलायला लागले आणि लोक घाबरले, आठवत असेल. तो एसएमएस नव्हता. एसएमएस एकेका नंबरला जातो, गर्दी झाली की रेंगाळतो. हा इशारा टॉवरवरून त्या भागातल्या सगळ्या फोनना एकाच वेळी जातो, त्याला कुणाचा नंबर लागत नाही, इंटरनेटही लागत नाही. मागांच्या खडखडाटात फोनची रिंग कधीच ऐकू येत नाही, पण तो आवाज येतो. मला ‘सचेत’मधली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच वाटते. फोनच्या सेटिंगमध्ये ‘इमर्जन्सी अलर्ट’ असं काहीतरी असतं, ते बंद नाही ना एवढं प्रत्येकाने आजच बघून घ्यावं.

अॅपची मला आवडलेली दुसरी सोय म्हणजे आपण आहोत त्या जागेशिवाय दुसरे जिल्हेही निवडता येतात. मी सोलापूरबरोबर धाराशिव आणि अहिल्यानगर निवडलेत. सीनेकाठच्या माणसाला याचं कारण सांगावं लागणार नाही. सीना उगम पावते अहिल्यानगरकडे, आणि आमच्याकडे पूर येतो तो बहुतेक वेळा आमच्या पावसाचा नसतोच. सप्टेंबर २०२५ मध्ये तेच झालं. वर मुसळधार पाऊस, सीना-कोळेगाव, चांदणी, खासापुरी या प्रकल्पांतून सोडलेलं पाणी, आणि खाली माढा, मोहोळ, उत्तर आणि दक्षिण सोलापूर पाण्यात. लांबोटीजवळ पुणे महामार्ग बंद, वडकबाळकडे विजयपूरचा रस्ता बंद. दादाचा ऊस आडवा झाला, तुरीचं तर नावच नको. माणसं आणि म्हशी मात्र वेळेत वर आल्या, कारण वरच्या गावातल्या पाहुण्यांनी फोन केले होते.

याच पुरामुळे मी इशाऱ्यांकडे बारकाईने बघायला लागले. धरणातून सोडलेलं पाणी डोळ्याचं पातं लवायच्या आत वडकबाळला पोचत नाही. मधे कितीतरी तास असतात. एवढ्या वेळात नदीवरच्या मोटारी काढता येतात, पाइप ओढून घेता येतात, कडब्याची गंजी नाही हलवता आली तरी दावणी सोडता येतात, घरातली धान्याची पोती माळ्यावर जातात. फक्त कुणीतरी नेमकं सांगायला हवं. पण इशाऱ्यात आकडा येतो क्युसेकचा, म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी सुटतंय त्याचा. इतके हजार क्युसेक विसर्ग, नदीकाठच्या गावांनी सतर्क राहावं. दादा तीस वर्षं नदीकाठी शेती करतो, त्यालाही क्युसेकवरून पाणी चिंचेपर्यंत येणार की मारुतीच्या पायरीपर्यंत, हे सांगता येत नाही. त्याला हवं असतं ते असं: आपल्या पुलावर पाणी साधारण किती वाजता चढेल, गेल्या पुराच्या खुणेच्या वर की खाली, कोणता रस्ता आधी बंद होईल, जनावरं कुठे न्यायची. ही माहिती जिल्ह्यात कुणाकडे ना कुणाकडे असते. ती त्या एका मेसेजमध्ये आली पाहिजे.

विजा-पावसाच्या इशाऱ्याचंही तसंच. पुढच्या तीन तासांत सोलापूर जिल्ह्यात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस, असं येतं. आपला जिल्हा अकरा तालुक्यांचा. करमाळ्याहून अक्कलकोटला जायचं तर दीडशेहून जास्त किलोमीटर. करमाळ्यात आभाळ भरलं तरी अक्कलकोटच्या शेतकऱ्याचा फोन वाजतो, आणि चार वेळा ऊन असताना फोन वाजला की पाचव्या वेळी तो बघत नाही. मला हीच काळजी सगळ्यात जास्त आहे. निदान तालुक्यापर्यंत तरी इशारा उतरला पाहिजे. तोपर्यंत विजेसाठी ‘दामिनी’ घ्या. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने बनवलेलं अॅप आहे, आपल्या आसपास आता कुठे वीज पडतेय ते नकाशावर दिसतं. शेतात बाया खुरपायला असतील तर मुकादमाच्या फोनमध्ये ते हवंच.

आता अण्णांची गोष्ट, म्हणजे माझ्या वडिलांची. त्यांच्याकडे बटणाचा फोन. अॅपचा प्रश्नच नाही, तो मोठा आवाजही सगळ्या साध्या फोनवर येतोच असं नाही, आणि एसएमएस त्यांना चष्म्यानेही वाचता येत नाही. गावात निम्मी म्हातारी माणसं अशीच. त्यांच्यासाठी आपल्या जिल्ह्यात एक फार चांगली गोष्ट आहे, ती म्हणजे ग्राम सुरक्षा यंत्रणा. १८००-२७०-३६०० या नंबरवर गावातल्या नोंदणी झालेल्या माणसाने फोन करून आपल्या आवाजात सांगायचं, की तोच आवाज गावातल्या सगळ्या नोंदलेल्या फोनवर कॉल होऊन जातो. चोर आले, आग लागली, बिबट्या दिसला, पाणी चढलं. अण्णा फोन उचलतात आणि ओळखीच्या माणसाचा आवाज ऐकतात. ‘सरपंच बोलतोय, ओढ्यापलीकडच्यांनी निघा’ याला जो मान आहे तो कुठल्याच मेसेजला नाही. इशारा राज्याकडून आला आणि गावात तो सरपंचाच्या किंवा पोलीस पाटलाच्या आवाजात कॉल होऊन गेला, तर त्याच्याइतकं भारी काही नाही. दोन्ही यंत्रणा आहेत, त्या जोडायच्या आहेत.

भाषेचंही आवाजाने सुटेल. माझ्या मागावरचे निम्मे कामगार घरात तेलुगू बोलतात, अक्कलकोटकडून येणारे कन्नड. मराठी बोलतात सगळे, पण वाचण्याची सवय प्रत्येकाला नाही. अॅपमध्ये भाषा बदलता येते हे मी त्यांना दाखवलं, एका मागवाल्याने लगेच तेलुगू करून घेतली.

राहिली लाइट. इथे मला मनापासून बोलायचंय, कारण लाइट जाणं ही किरकोळ गैरसोय समजली जाते. टॉवेलच्या मागावर लाइट गेली की आडवं सूत नेणारा धोटा ताण्यात, म्हणजे उभ्या सुतांत, निम्म्यात थांबतो. सुताच्या दहा-वीस तारा तुटतात, कधी शंभर. लाइट आली म्हणून माग सुरू होत नाही, आधी एकेक तार ओवून गाठ मारावी लागते, जॉबरला, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्याला, बोलवावं लागतं. सुरू केल्यावर त्या जागी आडवी रेघ पडते, तो टॉवेल सेकंडमध्ये, म्हणजे कमी दर्जाच्या मालात जातो. कामगाराची मजुरी मालावर, त्यामुळे त्याचा तास गेला तो गेला. हेच जर तासभर आधी कळलं असतं तर आम्ही माग हाताने, व्यवस्थित जागेवर थांबवले असते, तारा तुटल्या नसत्या, आणि तेवढ्या वेळात ताण्याच्या सुताचे रूळ, म्हणजे बीम, चढवून घेतले असते.

कारखान्याचं सोडा. सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं. उजनीकडच्या पंपांची वीज गेली की पाण्याची पाळी पुढे जाते. म्हणजे लाइट तिकडे जाते आणि हंडे घेऊन बसतो आपण. घरी ऑक्सिजनच्या मशिनवर माणूस आहे, लिफ्टच्या इमारतीत वरच्या मजल्यावर म्हातारं माणूस आहे, फ्रीजमध्ये इन्सुलिन आहे. पुरात तर डीपी पाण्यात जाते, नदीकाठचा पुरवठा सुरक्षेसाठी बंद करावाच लागतो, आणि नेमकं तेव्हाच फोन चार्ज असणं सगळ्यात गरजेचं असतं. मोबाइलचे टॉवरही बॅटरीवर आणि डिझेलवर किती वेळ तग धरणार? म्हणून वीज आणि पूर हे दोन वेगळे विषय नाहीत, दोन्हींचा इशारा एकाच ठिकाणाहून यायला हवा.

वीजपुरवठ्याचे मेसेज मुळीच येत नाहीत असं नाही. ग्राहक म्हणून ज्याचा मोबाइल नोंदलेला आहे त्याला महावितरणकडून येतात, आणि तक्रारीला १९१२ आहे. पण आमच्या शेडचं मीटर शेडमालकाच्या नावावर. मेसेज त्यांना, माग आमचे. भाड्याने राहणाऱ्या, भाड्याने कारखाना चालवणाऱ्या प्रत्येकाचं हे असंच आहे, आणि सोलापूरच्या पूर्वभागात भाड्याच्या शेडवर किती माग चालतात हे मी वेगळं सांगायला नको. मीटरच्या मालकाला नाही, तर त्या फीडरवरच्या, म्हणजे त्या वीजवाहिनीवरच्या भागातल्या, सगळ्या फोनना इशारा गेला पाहिजे. पुरासाठी टॉवरवरून जे जमतं तेच इथेही जमवावं. ठरवून होणारा शटडाऊन असेल तर आदल्या दिवशी साधा मेसेज पुरे, मोठा आवाज नको. मोठा बिघाड असेल आणि चार-पाच तास लाइट येणार नसेल तर मात्र लगेच कळवा, आणि कधी येईल त्याचा अंदाज खरा द्या. दोन तास म्हणालात तर कामगार थांबून राहतात. सहा तास म्हणालात तर ते घरी जातील, मुलांना शाळेतून आणतील, दुसरं काम करतील.

हे सगळं राज्याच्या पातळीवरच होऊ शकतं, कारण सीनेचं पाणी वेगवेगळ्या जिल्ह्यांतून येतं आणि वीज कुठल्या उपकेंद्रातून येते ते तालुक्याची हद्द बघून ठरत नाही. मंत्रालयात राज्याचा नियंत्रण कक्ष आहे, १०७० वर. जिल्ह्यात १०७७ आहे. माणसं आहेत, टॉवर आहेत, अॅप आहे.

तोपर्यंत माझं सांगणं: ‘सचेत’ घ्या, लोकेशन चालू ठेवा, बॅटरी वाचवायच्या सेटिंगमध्ये ते बंद पडणार नाही असं करून घ्या, नाहीतर इशारा येऊन पडतो आणि तुम्ही अॅप उघडाल तेव्हाच दिसतो. नदीकाठी राहत असाल तर आपला जिल्हा सोडून वरचा जिल्हाही निवडा. ग्राम सुरक्षा यंत्रणेत घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे नंबर नोंदवले आहेत का ते ग्रामपंचायतीत विचारा. भाडेकरू असाल तर शेडमालकाला सांगून वीज बिलावर तुमचा मोबाइल लावून घ्या. आमच्या मालकांनी लगेच हो म्हटलं.