वाचन-ध्येयाची वही: रकाने उत्तम, पण नवव्या पानावरचे आकडे खोडून वापरा

आठवी ते दहावीच्या मुलांसाठी छापलेली ही बारा आठवड्यांची वाचन-नोंदवही कोल्हापुरात महाद्वार रोड आणि राजारामपुरीतल्या काही वह्या-पुस्तकांच्या दुकानांत मिळते. पानं ६४, किंमत १२० रुपये. प्रत्येक मुलाला त्याचं स्वतःचं ध्येय असावं, ही तिच्यामागची कल्पना आणि पहिली आठ पानं तिला धरूनच आहेत. घोळ नवव्या पानावर होतो. तिथे आठवीला मिनिटाला ११० शब्द, नववीला १२०, दहावीला १३० असे आकडे छापले आहेत. वही मुलाच्या हातात देण्याआधी ते खोडून टाका. मिनिटाला ७० शब्द वाचणाऱ्या पोराला १२० दिसले की ते जोडाक्षरं गिळतं आणि शब्दाचा शेवट अंदाजाने ठोकून देतं. शिवाय मराठीत ‘घर’ हा एक शब्द आणि ‘विद्यार्थ्यांसाठीसुद्धा’ हाही एकच. इंग्रजीसाठी केलेले तक्ते मराठीला चालत नाहीत ते यामुळेच.

सुरुवातीची मोजणी मात्र फार विचारपूर्वक केली आहे. साधारण २०० शब्दांचे तीन उतारे आहेत, प्रत्येक मुलाने एक मिनिट मोठ्याने वाचायचा. शिक्षकाच्या प्रतीत प्रत्येक ओळीच्या शेवटी तिथपर्यंतच्या शब्दांची संख्या छापली आहे, त्यामुळे मिनिट संपलं की बोटं मोजत बसावं लागत नाही. चुकलेल्या शब्दावर तिरकी रेघ, गाळलेल्याला गोल. मूल ३ सेकंद अडलं तर शब्द सांगायचा आणि चूक धरायची. त्याने स्वतःहून लगेच सुधारलं तर धरायची नाही. तिन्ही उताऱ्यांच्या आकड्यांतला मधला घ्यायचा, सरासरी नाही, कारण एखादा उतारा अवघड गेला तर सरासरी उगाच खाली येते.

एक गोष्ट सूचनांत राहून गेली आहे आणि कोल्हापूरच्या वर्गात ती फार महत्त्वाची आहे. घरी ‘पानी’, ‘लोनी’ म्हणणारं मूल ‘पाणी’ला ‘पानी’ वाचेल. ती बोली आहे, चूक नव्हे. त्यावर रेघा ओढल्या तर आकडाही खोटा येतो आणि मूल मोठ्याने वाचायचंच बंद होतं.

ध्येयाच्या पानावर वेग, अचूकता आणि आकलन असे तीन वेगळे रकाने आहेत, हे फार बरं केलं. समजा, नववीतल्या मुलीने मिनिटात ८४ शब्द वाचले आणि ६ चुकले. बरोबर ७८, म्हणजे अचूकता ९३ टक्क्यांच्या आसपास. ९५ च्या खाली असताना वेगाच्या मागे लागू नये. तिचं ध्येय असं लिहावं: ‘बारा आठवड्यांनी, न वाचलेल्या उताऱ्यात मिनिटाला ९० शब्द बरोबर, चुका ४ पेक्षा जास्त नाहीत.’ आठवड्याला एक शब्द वाढला की ९० होतातच. ‘वाचन सुधारणे’ एवढंच लिहिलेलं ध्येय मोजता येत नाही, तेव्हा ते पाळलं की नाही हे कुणालाच सांगता येत नाही.

आलेखाचा कागद निराश करतो. उभी पट्टी शून्यापासून वीस-वीसच्या टप्प्यांनी आहे, त्यामुळे आठवड्याला एक-दोन शब्दांची वाढ दिसतच नाही. मुलाला वाटतं, आपण आहे तिथेच आहोत. साधा चौकटींचा कागद चिकटवा, मुलाच्या सुरुवातीच्या आकड्याच्या १० खालून पट्टी सुरू करा आणि एक चौकट म्हणजे एक शब्द धरा. सुरुवात आणि ध्येय जोडणारी रेघ ओढा. लागोपाठ चार ठिपके रेघेखाली गेले तर ध्येय कमी करू नका, सरावाची पद्धत बदला: तोच उतारा तीनदा वाचून घ्या, अडलेली जोडाक्षरं वेगळी काढा. चार ठिपके वर गेले तर ध्येय वाढवा. जुलैत पंचगंगेला पूर येऊन शाळा बंद राहिली, तर त्या आठवड्याचा रकाना रिकामा ठेवा. पुढचा ठिपका मागे सरकवला की वाढ खऱ्यापेक्षा जास्त दिसते.

आकलनाचे प्रश्न फिके आहेत. कोण, कुठे, केव्हा यांची उत्तरं उताऱ्यात बोट ठेवून मिळतात. दहावीच्या कृतिपत्रिकेत अपठित उतारा येतो आणि स्वमतही लिहावं लागतं. त्याची तयारी इथे शून्य. दर आठवड्याला ‘असं का झालं असेल?’ असा एक प्रश्न स्वतः जोडा आणि वही मिटून मुलाकडून उतारा स्वतःच्या शब्दांत सांगून घ्या. उताऱ्यातल्या चार मुख्य मुद्द्यांपैकी तीन आले तर आकलन ठीक.

शेवटची पुस्तकांची यादी सगळ्यांना एकच आहे, म्हणजे पुन्हा तीच नवव्या पानाची चूक. त्यापेक्षा मुलाला करवीर नगर वाचन मंदिरात न्या. १८५० पासूनचं ग्रंथालय आहे, मुलाला कपाटं चाळून निवडता येईल. मधलं कुठलंही पान उघडून १०० शब्द वाचायला सांगा. पाचपेक्षा जास्त ठिकाणी अडलं तर ते पुस्तक सध्या परत ठेवा.

कागद पातळ आहे, शाईचं पेन मागे उमटतं. नोंदी पेन्सिलनेच करा. वर्गासाठी घेणार असाल तर शिक्षकाची प्रत वेगळी मिळते का ते दुकानात आधी विचारा. काही गठ्ठ्यांत ती नसते आणि तिच्याशिवाय मोजणीची पानं निरुपयोगी आहेत.