गाडगीळ की कस्तुरीरंगन? ग्रामसभेत हात वर करायच्या आधी

पश्चिम घाट इकोसेन्सिटिव्ह (पर्यावरणदृष्ट्या नाजूक, म्हणून काही कामांना बंदी) करायचा केंद्राचा पहिला मसुदा मार्च २०१४ चा, सहावा जुलै २०२४ चा. गाडगीळ आणि कस्तुरीरंगन हे त्यामागचे, केंद्राने नेमलेल्या दोन समित्यांचे अहवाल. मधे नुसतं हरकती, मुदत संपली, परत मसुदा. तुमच्या ग्रामसभेत गाव यात घ्यायचं की वगळायचं असा ठराव यायचा असेल तर "दोन्ही नको" म्हणणारे असतीलच, त्यांना सोडून बोलतो.

पहिल्या वाचनात कस्तुरीरंगन (२०१३) पटतो. घाटाचा ३७ टक्केच भाग, बंदीची यादी आटोपशीर: खाणी, वाळू, औष्णिक वीज, रेड कॅटेगरीचे (सगळ्यात जास्त प्रदूषणाचे) कारखाने, २०,००० चौ. मी. च्या वरची बांधकामं. आपल्या घरागोठ्याला हात नाही. गाडगीळांनी (२०११) अख्खा घाट तीन झोनमधे (१ सगळ्यात कडक) घातला, नकाशात तालुकेच्या तालुके रंगले आणि लोक बिथरले, त्यात नवल नाही. शिवाय झोन १ आणि २ मधे शेतजमीन एनए (बिगरशेती) होत नाही, गावठाण वाढवता येतं तेही स्थानिकांची लोकसंख्या वाढली म्हणून. प्लॉटिंगवाल्यांना हे खुपणारच.

माझं घोडं अडलं ते कस्तुरीरंगनच्या गाव या युनिटवर. सॅटेलाइटवर गावाचं २० टक्के किंवा जास्त क्षेत्र संवेदनशील दिसलं तर अख्खं गाव यादीत, नाहीतर अख्खं बाहेर. आमचं गाव आत, व्हाळापलीकडचं (व्हाळ म्हणजे ओढा) बाहेर. डोंगर तोच, पाणी तेच, पण यादीतल्या गावांत २०१३ पासून नव्या खाणींना मनाई असल्यामुळे चिरेखाण (जांभ्या दगडाची खाण) पलीकडच्या कातळावर निघाली आणि पहिल्याच पावसात लाल रबडी आमच्या व्हाळातल्या कोंडीत (डोहात), पंपाचा फूटव्हॉल्व्ह वर काढला तर जाळीत नुसता चिखल बसलेला, नारळाच्या हिराने खरवडत बसा. तक्रार करायला गेलो तर "तो गाव यादीत नाही" एवढंच उत्तर. दोडामार्ग तालुका तर सगळाच यादीबाहेर राहिला, शेवटी २०२४ मधे हायकोर्टाला सावंतवाडी-दोडामार्गातल्या २५ गावांसाठी वेगळा आदेश द्यावा लागला.

गाडगीळांचे तालुके तात्पुरतेच होते हो, पक्की हद्द छोट्या पाणलोटाप्रमाणे आणि गावच्या शिवेप्रमाणे, लोकांना विचारून ठरवा असं अहवालातच आहे, पण तिथपर्यंत वाचतंय कोण. अंमलबजावणीला कस्तुरीरंगन सोपा, हे मान्य. तुमचं गाव डोंगराच्या टोकाला एकटंच असेल तर कदाचित तोच बरा पडेल. शेजारी सामायिक व्हाळ असेल तर मी तरी गाडगीळांकडे झुकेन.

ठरावात नुसतं "गाव घ्या" किंवा "गाव वगळा" लिहू नका, व्हाळाचं नाव आणि दोन्ही काठांचे सर्व्हे नंबर टाका, पलीकडच्या गावचेसुद्धा.