कूलरला वूडवूल की हनीकोम्ब? दोन्ही वापरल्यावर काय वाटतं ते सांगतो

होळी झाली की नागपुरात गच्चीवरचे कूलर खाली येतात आणि त्यासोबत हा प्रश्नही येतोच. या वर्षी मेहुण्याने आणि शेजारच्या काकूंनी एकाच आठवड्यात विचारलं म्हणून लिहूनच टाकतो. मानेवाड्याला आमच्या घरी हॉलच्या खिडकीत मोठा लोखंडी कूलर आहे, त्याला सहा उन्हाळे वूडवूलच्या ताट्या (लाकडाच्या बारीक धाग्यांच्या, ज्याला आपण गवत म्हणतो) लावल्या आणि हा चौथा उन्हाळा हनीकोम्बवर, म्हणजे मधाच्या पोळ्यासारख्या भोकांच्या जाड कागदी शीटवर, चालू आहे.

थंडाव्याचं म्हणाल तर नव्या ताटीला पहिले पंधरा-वीस दिवस तोड नाही, तो ओल्या लाकडाचा वास तर मला अजूनही आवडतो. पण मे येईस्तोवर गवत खाली बसतं, वरती चार बोटं फट पडते आणि तिथून कोरडी झळ सरळ आत येते. म्हणजे २५ मेला नवतपा, कडक उन्हाचे ते नऊ दिवस, लागतो, तेव्हाच कूलर कच खातो. आई फटीत जुनं गवत कोंबायची, ते दोन दिवस टिकायचं. हनीकोम्ब पहिल्या दिवशी मला थोडं कमीच वाटलं होतं खरं, पण जूनपर्यंत हवा तशीच राहिली. थर्मामीटर लावून काही पाहिलं नाही, पण गेल्या नवतप्यात पहाटे पायाशी चादर ओढावी लागली, एवढं मला पुरे आहे.

माझा निर्णय मात्र पंपामुळे झाला. गवताचे बारीक धागे टाकीत पडतात, पंपात ओढले जातात, आणि हे नेमकं रात्री होतं. दोन-अडीचला अंग घामाने भिजून जाग येते, पंखा जोरात फिरून राहिला पण ताट्या कोरड्याठक्क. पंप उघडला की आतल्या पंखीला ओल्या केसांसारखा गुंता गुंडाळलेला. एका उन्हाळ्यात मी हे किती वेळा केलं ते मोजलं नाही, पण टॉर्च कूलरवरच ठेवायची सवय लागली होती. अशाच एका रात्री बाबा मला न उठवता गेले आणि झोपेत स्विच बंद न करता टाकीत हात घातला. पंपाची वायर एका जागी सोललेली होती, खांद्यापर्यंत झटका बसला, हात सुटला म्हणून निभावलं. आपल्याकडे दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात हो. दोष वायरचा होता हे मान्य, पण रात्रीबेरात्री पाण्यात हात घालायची पाळी गवतामुळेच येत होती. हनीकोम्ब लावल्यापासून तसं एकदाही झालेलं नाही. (अर्थिंग आणि थ्री-पिन प्लग मात्र काहीही लावा तरी पाहिजेच, आणि हात घालण्याआधी प्लग काढायचाच.)

हनीकोम्बचं दुखणं एकच, ते म्हणजे बोअरचं पाणी. पेंच-कन्हानचं नळाचं पाणी असेल तर फार त्रास नाही, पण बोअरच्या पाण्यात क्षार जास्त, पाणी उडून जातं आणि क्षार तिथेच राहतात, मग शीटच्या भोकांत पांढरा थर धरतो आणि हवा अडते. काकूंकडे पूर्ण बोअर आहे, त्यांना मी वूडवूलच सांगितलं, वर्षाला काढून फेकलं की झालं. भाड्याच्या घरात असाल तरी तेच बरं पडेल. आम्ही दर रविवारी टाकी पूर्ण रिकामी करून घासतो, त्याने क्षारही साचत नाहीत आणि डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून पूर्ण डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात ते मिळत नाहीत. थर दिसलाच तर लिंबूसत्वाच्या पाण्यात शीट भिजवून मऊ ब्रशने धुवायची, तारेचा ब्रश अजिबात नको, आतला कागद सुटतो.

पैसे एकदम जास्त जातात हे खरं, पण दरवर्षी ताट्या आणा, बांधा, घरभर तुसं झाडा, हे सगळं वाचतं. मेहुण्याकडे नळाचं पाणी आहे, घरी दोन लहान लेकरं आहेत, त्याला मी हनीकोम्बच घ्यायला लावलं.

घ्यायला जाल तेव्हा जाळीचं आतलं माप आणि खोली दोन्ही लिहून न्या. मी फक्त बाहेरचं माप नेलं होतं, शीट अर्धा इंच आखूड आली आणि पहिला महिना पुन्हा फटीत फोम कोंबण्यातच गेला.