कॅन्सरचे उपचार: डॉक्टरांवर सोपवावं, मिळून ठरवावं की आपणच निवडावं?

‘तुम्ही म्हणाल तसं, डॉक्टर.’ निदान ऐकल्यावर कितीतरी जणांच्या तोंडून पहिल्यांदा हेच निघतं, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. १९९२ साली कॅनडातल्या लेस्ली डेग्नर आणि जेफ्री स्लोन यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नुकतंच निदान झालेल्या रुग्णांपैकी ५९ टक्क्यांना निर्णय डॉक्टरांनीच घ्यावा असं वाटत होतं. त्याच अभ्यासात सामान्य लोकांना ‘उद्या तुम्हालाच कॅन्सर झाला तर?’ असं विचारलं, तेव्हा ६४ टक्के म्हणाले, उपचार आम्ही निवडू. काठावरून पोहणं सोपंच दिसतं. म्हणून ‘डॉक्टरांना ठणकावून विचार’ असं सांगणाऱ्या नातेवाइकांचं ऐकून घ्यावं, पण घाई करू नये.

वाटा मुख्यतः तीन. चौथीही आहे, पण ती सहसा कोणी उघडपणे निवडत नाही. तिच्याकडे शेवटी येऊ.

डॉक्टरांवर सोपवणं

मोठा फायदा म्हणजे डोक्यावरचं ओझं उतरतं. जिथे उत्तम उपचार एकच आहे, तिथे या वाटेनं काही गमवावंही लागत नाही. रक्ताच्या कॅन्सरचा एक प्रकार आहे, अ‍ॅक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया. त्यात सुरुवातीच्या दिवसांतच जीवघेणा रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून नुसता संशय आला तरी जनुकीय तपासणीचा रिपोर्ट येण्याआधी औषध सुरू करतात. तिथे पर्यायांची तुलना करत बसायला वेळच नसतो.

अडचण येते ती जिथे दोन-तीन उपचार जवळजवळ सारखेच ठरतात तिथे. अशा वेळी निर्णय शास्त्र करत नाही, डॉक्टरांची सवय करते. २००० साली अमेरिकेतल्या डॉक्टरांना प्रोस्टेटच्या (पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या) सुरुवातीच्या कॅन्सरबद्दल विचारलं होतं. ९३ टक्के युरॉलॉजिस्टनी, म्हणजे शस्त्रक्रिया करणाऱ्या मूत्रविकारतज्ज्ञांनी, शस्त्रक्रियेला पसंती दिली, तर रेडिएशनच्या ७२ टक्के डॉक्टरांना शस्त्रक्रिया आणि रेडिएशन दोन्ही सारखेच परिणामकारक वाटत होते. यात कोणी लबाड नव्हतं; जो तो आपल्या हातातल्या हत्यारावर विश्वास ठेवत होता. पण ज्याच्या दारात तुम्ही आधी गेलात, त्याच्यावर तुमचा उपचार ठरावा का?

आपणच निवडणं

या वाटेची सगळ्यांत ठसठशीत आठवण रोझ कुशनर या अमेरिकन पत्रकार बाईंची आहे. १९७४ मध्ये त्यांना स्तनात गाठ लागली. तेव्हाचा रिवाज असा, की भूल देऊन बायोप्सी करायची आणि कॅन्सर निघाला तर त्याच भुलीत स्तन काढून टाकायचा. शुद्धीवर आल्यावर बाईला कळायचं काय झालं ते. कुशनर अडून बसल्या: आधी फक्त बायोप्सी करा, पुढचं मी विचार करून सांगते. पुढे २००२ मध्ये अमेरिका आणि इटलीतल्या चाचण्यांचे २० वर्षांचे निष्कर्ष आले. सुरुवातीच्या टप्प्यात फक्त गाठ काढून रेडिएशन दिलेल्या बायका स्तन काढलेल्या बायकांइतक्याच जगल्या होत्या.

पण कुशनर यांच्यासारखी चिकाटी प्रत्येकात नसते, आणि असायलाच हवी असंही नाही. पर्यायांची यादी पुढ्यात टाकून ‘आता तुम्ही ठरवा’ म्हणणारे डॉक्टरही भेटतात. त्याला स्वातंत्र्य म्हणणं मला जड जातं. ती जबाबदारीची ढकलाढकल आहे. शिवाय निर्णय एकट्यानं घेतला आणि आजार उलटला, तर ‘मीच चुकलो’ हा काटा सलत राहतो.

मिळून ठरवणं

मला स्वतःला हीच वाट पटते, मात्र ती कधी खरी असते हे पाहायला हवं. ब्रिटनमधल्या एका चाचणीत प्रोस्टेटपुरताच कॅन्सर असलेल्या १,६४३ पुरुषांना तीन गटांत विभागलं: नियमित तपासण्या करत लक्ष ठेवायचं, शस्त्रक्रिया करायची किंवा रेडिएशन द्यायचं. १५ वर्षांनी पाहिलं, तर तिन्ही गटांत या कॅन्सरनं दगावलेल्यांचं प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपासच होतं. फरक होता तो जगण्यात. शस्त्रक्रियेनंतर लघवीवरचा ताबा आणि लैंगिक क्षमता यांवर जास्त परिणाम झाला, रेडिएशननंतर शौचाच्या तक्रारी आल्या. नुसतं लक्ष ठेवलेल्यांत कॅन्सर शरीरात इतरत्र पसरण्याचं प्रमाण ९.४ टक्के होतं, उरलेल्या दोन गटांत ५ टक्क्यांच्या आसपास. आणि नुसतं लक्ष ठेवलेल्यांपैकी ६१ टक्क्यांनी पुढे कधीतरी शस्त्रक्रिया किंवा रेडिएशनसारखा उपचार घेतलाच. आता यातलं तुम्हाला काय सोसवेल? रोज पॅड लावणं, की आत कॅन्सर आहे हे माहीत असून शांत झोपणं? आकडे डॉक्टरांकडे आहेत, हे उत्तर फक्त तुमच्याकडे.

पण आकडे खरे कळले नाहीत, तर ‘मिळून’ हा शब्द पोकळ होतो. २०१२ मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कॅन्सर शरीरात पसरलेला असताना केमो घेणाऱ्या रुग्णांना तिच्याबद्दल काय वाटतं, हे त्यात विचारलं होतं. त्या केमोनं आजार पूर्ण बरा होण्याची शक्यता जवळपास नाहीच, हे फुप्फुसाच्या कॅन्सरच्या ६९ टक्के आणि मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या ८१ टक्के रुग्णांना समजलेलंच नव्हतं. संमतीपत्रावर सही असणं म्हणजे समजलेलं असणं नव्हे. ‘ही केमो बरं करायला आहे, की आयुष्य वाढवायला, की त्रास कमी करायला?’ एवढं तरी स्पष्ट विचारून घ्या.

आणि घरच्यांनी ठरवणं

‘बाबांना सांगू नका, आमच्याशी बोला.’ एके काळी डॉक्टरही असंच वागत. १९६१ च्या एका अमेरिकन पाहणीत सुमारे ९० टक्के डॉक्टर रुग्णाला कॅन्सर असल्याचं सांगत नव्हते. १९७९ मध्ये ९७ टक्के सांगू लागले होते. घरचं माणूस सोबत हवंच. घाबरलेल्या कानांना अर्धंच ऐकू येतं, बाकीचं टिपून घ्यायला कुणीतरी लागतं. पण तुमच्या वतीनं मुलीनं बोलावं असं असेल, तर ते डॉक्टरांना तुमच्या तोंडून कळू द्या. आपण सोपवलेला निर्णय आणि आपल्या पाठीमागे उरकलेला निर्णय यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

मग निवड कशी करायची?

स्वभावावरून नको, समोरच्या निर्णयावरून करा. पहिला प्रश्न: इथे चांगली वाट एकच आहे की अनेक? एकच असेल, तर निर्धास्त सोपवा. अनेक असतील, तर बोलायला बसा. दुसरा प्रश्न: आठवडा-दोन आठवडे थांबलो तर काय बिघडेल? गाठीच्या बऱ्याच कॅन्सरमध्ये दुसरं मत घेण्याइतका अवधी असतो, रक्ताच्या काही कॅन्सरमध्ये नसतो. तुमच्या बाबतीत काय, हे डॉक्टरच सांगतील. शिवाय भूमिका बदलता येते. शस्त्रक्रियेच्या वेळी सगळं सोपवणाऱ्यानं पुढे कॅन्सर उलटल्यावर ‘आता केमो किती दिवस?’ असं विचारायला हरकत नाही.

मात्र आपल्याला काय हवंय ते तोंडानं सांगा. १९९७ मध्ये स्तनाच्या कॅन्सरच्या १,०१२ बायकांचा अभ्यास झाला. २२ टक्क्यांना स्वतः ठरवायचं होतं, ४४ टक्क्यांना डॉक्टरांसोबत, ३४ टक्क्यांना सोपवून द्यायचं होतं. यांपैकी हवी ती भूमिका मिळाली असं म्हणणाऱ्या जेमतेम ४२ टक्के. डॉक्टर चेहऱ्यावरून अंदाज बांधतात, आणि तो चुकतो.

राहिला एक आवडता प्रश्न: ‘तुमच्या वडिलांना असं झालं असतं, तर तुम्ही काय केलं असतं?’ जरूर विचारा, पण आधी स्वतःबद्दल दोन वाक्यं सांगून: कशाची भीती वाटते, आणि काय काहीही झालं तरी सोडायचं नाही. नाहीतर डॉक्टर त्यांच्या वडिलांना काय मानवलं असतं तेच सांगतील.