घाटकोपर ते सीप्झ, दोन मेट्रो बदलून : सव्वा वर्षाचा अनुभव

ऑक्टोबर 2024 मधे मुंबईतल्या भुयारी मेट्रो 3 चा आरे ते बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल) हा पहिला टप्पा सुरू झाला तेव्हापासून मी रोज वापरतेय, म्हणजे सव्वा वर्ष झालं. तेव्हा दहा स्टेशनं होती, मे 2025 ला आचार्य अत्रे चौकापर्यंत गेली आणि ऑक्टोबर 2025 ला थेट कफ परेड, आता एकूण साडेतेहतीस किलोमीटर आणि 27 स्टेशनं. सुरुवातीला सगळ्यांनी फोटो टाकले, स्टेशन किती चकाचक वगैरे, ते आहेच, पण मला रोज ऑफिसला जाणाऱ्या बाईच्या नजरेतून लिहायचंय.

माझा रूट असा : डोंबिवली फास्टने घाटकोपर, तिथून मेट्रो 1 ने (घाटकोपर-अंधेरी-वर्सोवा) मरोळ नाका, तिथे मेट्रो 3 आणि दोन स्टेशनांवर सीप्झ, म्हणजे अंधेरी पूर्वेचं निर्यात क्षेत्र. 2014 च्या आधी घाटकोपरला उतरून 340 नंबरच्या बसची लाईन लावायचो, साकीनाक्याला बस अडकली की ऑफिसात लेटमार्क ठरलेला. मग मेट्रो 1 आली, तिने अक्षरशः आयुष्य बदललं, पण मरोळनंतर शेअर रिक्षासाठी पुन्हा भांडाभांडी होतीच. आता तो तुकडा संपलाय. मरोळ नाका ते सीप्झ पाचएक मिनिटं, एसीत, पावसातसुद्धा कोरडी जाते, आणि जुलैत एमआयडीसीच्या रस्त्यावर ज्यांनी रिक्षा शोधलीय त्यांना याची किंमत कळेल.

मरोळ नाक्याचा बदल चांगला आहे. मेट्रो 1 रस्त्याच्या वर आणि मेट्रो 3 जमिनीखाली, त्यामुळे खूप उतरावं लागतं, गुडघ्याचा त्रास असेल तर वेळ जास्त धरा, पण जागा मोकळी आहे, जिने रुंद आहेत, प्लॅटफॉर्मला काचेचे दरवाजे आहेत आणि गाडी आठ डब्यांची. धक्काबुक्की जवळजवळ नाही. मधे एका स्टेशनवरचा सरकता जिना आठवडाभर बंद होता तेव्हा वयस्कर लोकांचे हाल झाले, एका आजींची पिशवी आम्ही तिघींनी मिळून वर आणली. एवढ्या खोल स्टेशनात सरकता जिना म्हणजे सोय नाही, गरज आहे, तो एक दिवसही बंद राहू नये असं मला मनापासून वाटतं.

आता घाटकोपर. खरं लिहायचं होतं ते हेच.

गणित साधं आहे. लोकल बारा डब्यांची, खच्चून भरलेली. मेट्रो 1 ची गाडी चार डब्यांची. सकाळी फास्ट आणि स्लो मागोमाग लागल्या की दोन-तीन लोकलमधली मोठी गर्दी एकाच पुलावरून एकाच जिन्याने त्या चार डब्यांकडे निघते. मेट्रो दर तीन-चार मिनिटांनी येते तरी पुरत नाही. आणि मेट्रो 3 सुरू झाल्यावर माझ्या बाबतीत काय झालं, तर जे लोक आधी कुर्ला किंवा दादरवरून फिरून जायचे तेही आता घाटकोपरला उतरायला लागले, कारण पुढे विमानतळ, सीप्झ सगळं जोडलं गेलं. नवीन लाईनने गर्दी कमी केली नाही, तिने ती माझ्या जिन्यावर आणली. ऑफिसच्या ग्रुपमधल्या आम्ही चौघी रोज या रूटने जातो, चौघींचंही हेच म्हणणं.

जिन्यावर गर्दी थबकली ना की मला अजूनही 29 सप्टेंबर 2017 आठवतो. एल्फिन्स्टन रोडचा पूल, पाऊस आलेला, लोक वर थांबलेले आणि खालून गाड्या माणसं ओततच होत्या. चेंगराचेंगरीत 23 जण गेले. तिथेही गाडीला अपघात झाला नव्हता, दोन स्टेशनांमधला एक अरुंद जिना होता फक्त. म्हणून कोणी नुसत्या गाड्या वाढवा म्हणालं की मला वाटतं आधी विचारा, उतरलेली माणसं जाणार कुठून.

कामं चालू आहेत हे मान्य. मेट्रो 1 वर गर्दीच्या वेळी अंधेरी-घाटकोपर एवढ्याच फेऱ्या सुरू केल्या, त्याचा फरक पडलाय, वर्सोव्याला जाऊन यायचा वेळ वाचतो म्हणून त्याच गाड्यांत जास्त फेऱ्या बसतात. सहा डबे करायची चर्चा आहे, ती लवकर व्हावी, कारण माझ्या मते सगळ्यात जास्त फायदा त्याच दोन डब्यांचा होईल. लोकलच्या बाजूला डेक (फलाटांच्या वरची मोकळी जागा) आणि रुंद पुलांचंही काम आहे.

तिकिटाचं आता सोपं झालंय, मुंबई वन ॲपवर दोन्ही मेट्रोचं एकत्र निघतं. पण तिकीट लोकलमधे असतानाच काढून ठेवा, गेटसमोर उभं राहून फोन चाळत बसलात की मागचे शंभर लोक अडकतात.

अजून एक, घाटकोपरला मेट्रोच्या पुलाच्या बाजूचा डबा पकडायला सगळे धडपडतात, मी आता मुद्दाम दुसऱ्या टोकाला उतरते आणि एक लोंढा जाऊ देते. दोन मिनिटं जातात, पण चेंगरत नाही. लहान मूल किंवा वयस्कर कोणी सोबत असेल तर हेच करा.

मला खरी आशा मेट्रो 6 ची आहे, लोखंडवाला ते विक्रोळी, जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवरून. कांजुरमार्गला उतरून पवईवरून सरळ सीप्झ, म्हणजे आमच्यासारख्यांना घाटकोपरला यायचीच गरज नाही. पण फास्ट लोकल कांजुरला थांबत नाही, मग ठाण्याला स्लो पकडायला सगळे उतरणार आणि ठाण्याचे जिने आत्ताच कसे आहेत ते तिथून जाणाऱ्यांना विचारा. मेट्रो सुरू व्हायच्या आधी काही फास्टना कांजुरचा थांबा द्यायचा का, तिथला पूल रुंद करायचा का, हे आत्ताच ठरायला हवं, खांब उभे राहिलेत पण जिन्याबद्दल कोणी बोलताना दिसत नाही.